न सांगितलेलं वाक्य

डॉक्टर बंगालीत ‘थोलि’ म्हणाले आणि मी मराठीत ‘पिशव्या’ म्हणाले. दुसरे शब्द नव्हते असं नाही. थैली होता, कप्पा होता, फुगवटा होता. पण कोलकात्यातल्या एका रुग्णालयाच्या तपासणीच्या खोलीत, सदुसष्ट वर्षांच्या बाईला तिच्या मोठ्या आतड्याला बाहेरच्या अंगानं काय झालंय हे सांगताना तोच शब्द जवळचा वाटला. काकू लगेच म्हणाल्या, “पिशवी तर माझी कवाच काढली की.”

‘पिशवी काढली’ म्हणजे काय, हे मराठी बाईला समजावावं लागत नाही. गर्भाशय हा शब्द सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर असतो. ओट्यापाशी, नळावर, एसटीच्या बाकावर बायका ‘पिशवी’च म्हणतात. मला हसू आलं. डॉक्टरांनी विचारलं, मासिमा काय म्हणाल्या? मी माझ्या शब्दानं झालेला घोटाळा त्यांना सांगितला. ते हसले नाहीत. उजेडाच्या पाटीवर लावलेल्या सीटी स्कॅनकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं आणि मान हलवली. म्हणाले, “दिसतंय ते. ओइटा थाकले हयतो एटा हतो ना.” ती असती तर कदाचित हे झालं नसतं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. “काय म्हनलं?”

मी म्हणाले, “ऑपरेशन करावं लागेल म्हणतात.”

हेही डॉक्टर म्हणालेच होते, पाच मिनिटांपूर्वी. म्हणजे मी खोटं बोलले नाही. एका खऱ्या वाक्याच्या जागी दुसरं खरं वाक्य ठेवलं, इतकंच. वीस वर्षं अनुवाद करते आहे. तौलनिक साहित्याचं शिक्षण याच शहरात, जादवपूर विद्यापीठात घेतलं. बुद्धदेव बसूंनी १९५६ साली तिथं हा विभाग सुरू केला. मूळ संहितेतलं वाक्य गाळणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात सरळ गुन्हा, हे मी तिथं शिकले आणि पुढे शिकवलंही. छापील पानावरचं एकही वाक्य मी आजवर जाणूनबुजून गाळलेलं नाही. त्या खोलीत मात्र ते इतक्या सहज झालं की झालं हे मला घरी आल्यावर कळलं.

काकू आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतात. त्यांचं घर गलाईवाल्यांचं. विटा-खानापूर-आटपाडी भागातली ही माणसं सोनंचांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत. सराफ बाजार असेल त्या शहरात त्यांच्यापैकी कुणीतरी भट्टीपुढे बसलेलं असतं. काकू चाळीस वर्षांपूर्वी इथं आल्या. मासळीवाल्याशी भाव करण्याइतकी बंगाली त्यांना येते. शरीराबद्दल बोलायची बंगाली येत नाही, आणि खरं तर त्याबद्दल मराठीतही त्या फारशा बोलत नाहीत. मुलाला बंगाली उत्तम येते, पण मुलासमोर हे बोलणार कसं? सून नुकती आटपाडीहून आलेली. म्हणून मी. मुलगा बाहेर बाकावर बसला होता. आत जाण्याआधी तो मला म्हणाला होता, “ताई, आईला फार काही सांगू नका. घाबरेल ती.”

आजार वर्षभराचा होता. लघवीला जळजळ, ताप, गोळ्यांचा कोर्स, पंधरा दिवस बरं, पुन्हा जळजळ. असे पाच कोर्स झाले. या वर्षात काकू हळूहळू दिसेनाशा झाल्या होत्या. हळदीकुंकवाला आल्या नाहीत, जिन्यात भेटल्या तर दोन पायऱ्या लांब उभ्या राहायच्या. घरातली देवपूजा त्यांनी सुनेकडे दिली. आम्हाला वाटलं, काका गेल्यापासून मन लागत नसेल. एका दुपारी मी वर गेले तेव्हा त्या न्हाणीघरातून बाहेर आल्या आणि दाराला टेकून म्हणाल्या, “पोरी, म्होरनं वारा सरतोय. कुनाला सांगू?” लघवी होताना हवेचे बुडबुडे येत होते, आणि लघवीला मळाचा वास. आपण आतून नासलो आहोत अशी त्यांची समजूत झाली होती. वर्षभर त्यांनी कुणाला ‘जळजळ’ या शब्दापलीकडे काही सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या लाजेपलीकडे जाऊन कुणी काही विचारलंही नव्हतं.

या लक्षणाला वैद्यकात स्वतंत्र नाव आहे. अनुभवी शल्यचिकित्सक तेवढ्या एका वाक्यावरून निदानाच्या दारापर्यंत पोचतो. मोठ्या आतड्याच्या भिंतीत जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात, त्या जागा थोड्या कच्च्या असतात. वय वाढतं, आतला दाब वाढतो, आणि त्या कच्च्या जागांतून आतलं अस्तर बाहेर ढकललं जातं. मटाराएवढे फुगवटे तयार होतात. एकाला डायव्हर्टिक्युलम म्हणतात. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ हमरस्ता सोडून गेलेली आडवाट, किंवा वाटेवरची उतरायची जागा. बहुतेकांच्या पोटात हे फुगवटे जन्मभर गुपचूप असतात. एखाद्याला सूज आली, पू झाला, की तो डायव्हर्टिक्युलायटिस. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः डावीकडच्या, इंग्रजी ‘एस’सारख्या वळलेल्या आतड्यात होतो. आशियाई लोकांत उजवीकडचा जास्त आढळतो. काकूंचा डावीकडचा होता.

पुढची गोष्ट शेजाऱ्यांची आहे. पोटात काही सुजलं की आसपासचे अवयव स्वस्थ बसत नाहीत. पोटात पुढच्या बाजूला चरबीचा एक पडदा लोंबत असतो. आपल्याकडच्या जुन्या संस्कृतात त्याला वपा म्हणतात, डॉक्टर ओमेंटम म्हणतात. तो सुजलेल्या जागी जाऊन चिकटतो आणि पू पसरू देत नाही. रदरफोर्ड मॉरिसन या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं त्याला पोटातला पोलीस म्हटलं होतं. लहान आतड्याची वेटोळी येऊन टेकतात, मूत्राशयाचा माथा चिकटतो. सगळे मिळून जणू त्या जागेला कडं करतात. बऱ्याचदा माणूस यामुळेच वाचतो. पण क्वचित, ज्यानं जवळ येऊन पू अडवला त्याच्याच भिंतीला तो पू भोक पाडतो. आतडं आणि मूत्राशय यांच्यामध्ये वाट तयार होते. आतड्यातला दाब जास्त, म्हणून हवा आणि मळ मूत्राशयात उतरतात. पोट फारसं दुखतही नाही, कारण पुवाला वाट मिळालेली असते. सगळी तक्रार शेजारच्या अवयवातून ऐकू येते, आणि औषधही त्यालाच मिळत राहतं. काकूंचे पाच कोर्स मूत्राशयाला दिलेले होते. मूत्राशयाचं काहीच चुकलं नव्हतं.

अशा वाटेला फिस्टुला म्हणतात. लॅटिनमध्ये फिस्टुला म्हणजे नळी, आणि गुराख्याचा पावाही. आपल्याकडे सुश्रुतानं भगंदर या शब्दाची फोड करताना गुद आणि बस्ती म्हणजे मूत्राशय, दोन्हींची नावं घेतली आहेत. दुर्लक्ष झालं तर त्या छिद्रांतून वारा, मूत्र आणि मळ येऊ लागतात असंही नोंदवलं आहे. त्याच्यासमोर नेमका कोणता आजार होता यावर वाद होऊ शकेल. मला महत्त्वाचं वाटतं ते एवढंच, की काकूंनी दाराला टेकून जे सांगितलं ते सांगायला आपल्या भाषांकडे फार जुन्या काळापासून शब्द होते. त्यांच्यापर्यंत ते पोचले नव्हते.

डायव्हर्टिक्युलायटिसमधून होणाऱ्या अशा वाटांपैकी आतडं-मूत्राशय ही सगळ्यात जास्त दिसणारी, तरीही एकुणात विरळच. ती पुरुषांमध्ये बायकांच्या दोन-तीन पट आढळते. कारण साधं आहे. बाईच्या ओटीपोटात पुढे मूत्राशय, मागे आतडं, आणि मधे गर्भाशय असतं. त्याची भिंत जाड स्नायूंची, सहजी न फुटणारी. ज्या बायकांना हा आजार होतो त्यांच्यापैकी बऱ्याच जणींचं गर्भाशय आधी काढलेलं असतं. डॉक्टरांच्या त्या वाक्यामागे एवढं सगळं होतं. त्यात दोष देणं नव्हतं. नकाशा पाहून माणूस जसं बोलतो तसं ते बोलले होते.

काकूंची पिशवी त्यांच्या चौतिसाव्या वर्षी काढली. अंगावरून जास्त जायचं. गावाकडच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन मुलं झालीत, आता तिचं काम संपलं, ठेवून उपयोग काय. सासूबाई म्हणाल्या, नसती कटकट जाईल. काकांनी सही केली. काकूंना कुणी विचारलं नाही, आणि आपल्याला विचारायला हवं होतं असं त्यांनाही कधी वाटलं नाही. हे सगळं त्यांनी मला स्कॅनच्या रांगेत सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं.

गर्भाशय काढणं कित्येकदा अटळ असतं. कर्करोगात, न थांबणाऱ्या रक्तस्रावात ते जीव वाचवतं. माझा आक्षेप शस्त्रक्रियेला नाही, ‘उपयोग काय’ या सहज प्रश्नाला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनं २०१५-१६ मध्ये ही शस्त्रक्रिया मोजली, तेव्हा १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ३.२ टक्के बायकांचं गर्भाशय काढलेलं होतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा पडतो, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून पिशवीच काढून टाकलेली. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांबद्दल राज्यांना निर्देश दिले. त्याआधी २००८ मध्ये याच न्यायालयापुढे एका चव्वेचाळीस वर्षांच्या बाईचा खटला आला होता. दुर्बिणीची तपासणी चालू असताना, ती भुलीखाली असताना, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजाशय काढलं होतं. न्यायालयानं म्हटलं की जाणत्या, सज्ञान बाईच्या वतीनं तिची आई संमती देऊ शकत नाही, आणि संमती खरी ठरायची तर पुरेशी माहिती आधी मिळायला हवी.

तो निकाल मी पूर्वीच वाचला होता आणि मला मनापासून पटलाही होता. तरी त्या खोलीत मी काकांच्या, सासूबाईंच्या आणि त्या आईच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

माझ्या बाजूनं बोलायचं तर बरंच बोलता येतं. मी ते रात्रभर बोललेही. त्या वाक्यानं उपचार बदलणार नव्हता. ऑपरेशन तेच होणार होतं. तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट आता दुरुस्त होणार नव्हती. वाक्यात ‘हयतो’ होतं, म्हणजे कदाचित. ज्याची डॉक्टरलाही खात्री नाही असं दुःख ऑपरेशनच्या तोंडावर तिच्या हातात का द्यायचं? शिवाय ती संहिता नाही, जिवंत बाई आहे. पुस्तकाला भीती वाटत नाही. अनुवादकानं पुस्तकाशी प्रामाणिक राहावं, माणसाशी दयेनं वागावं.

यातला शेवटचा मुद्दा मला सगळ्यात भक्कम वाटला होता, आणि तोच सगळ्यात आधी ढासळला. मी पुस्तकाचा अनुवाद करते तेव्हा लेखक एक असतो, वाचक दुसरा, आणि संहिता त्या दोघांच्या मधे असते. त्या खोलीत संहिता काकूंचंच शरीर होतं. डॉक्टर ते वाचत होते आणि मी त्यांचं वाचन परत काकूंना देत होते. मी वाक्य गाळलं ते डॉक्टरांचं नव्हतं, काकूंचं होतं. ज्याची वस्तू त्याला परत देताना त्यातली थोडी काढून ठेवणं, याला दया हा शब्द नाही.

आणि ‘उपचार बदलणार नव्हता’, म्हणजे काय? म्हणजे त्या वाक्याचा उपयोग नव्हता. हा शब्द मनात आला आणि मी अंथरुणात उठून बसले. तेहतीस वर्षांपूर्वी त्या डॉक्टरांनी जो काटा लावून पिशवी तोलली, तोच लावून मी वाक्य तोललं होतं. मुलं झाली, काम संपलं. ऑपरेशन ठरलं, वाक्याचं काम संपलं. त्या पिशवीचं आणखी एक काम होतं. तिथं असणं, दोघांच्या मधे उभं असणं. हे काम कुणाच्या यादीत नव्हतं. ती गेल्यावर तीन दशकांनी ते दिसलं. एखादी गोष्ट कशासाठी आहे हे आपल्याला पूर्ण माहीत आहे असं समजून तिला निरुपयोगी ठरवणं, ही चूक अवयवाच्या बाबतीत होते, म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत होते, आणि माझ्या हातून एका वाक्याच्या बाबतीत झाली.

स्वतःला समजावताना मी एक उपमाही वापरली होती, तिचाही हिशेब द्यायला हवा. मी म्हटलं, गर्भाशय आतडं आणि मूत्राशयाच्या मधे उभं असतं तशी मी काकू आणि त्या वाक्याच्या मधे उभी राहिले. उपमा देखणी आहे, म्हणूनच मी सावध व्हायला हवं होतं. गर्भाशयाला निवड नसते. मी निवडलं होतं. आणि मी त्यांना कशापासून वाचवत होते? त्यांच्याच आयुष्यात घडलेल्या गोष्टीपासून. त्या रडल्या असत्या तर त्यांच्यासमोर बसून राहावं लागलं असतं, ते मला नको होतं. त्या भिंतीआड मीच होते.

ऑपरेशन नीट झालं. आतड्याचा सुजलेला भाग काढला, दोन्ही टोकं जोडली. मूत्राशयाचं भोक लहान होतं, ते शिवलं आणि दहा दिवस नळी ठेवली. सगळ्यात शेवटी, बाहेर येऊन मुलाशी आणि माझ्याशी बोलताना डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली. ओमेंटमचा एक पदर खाली ओढून त्यांनी आतडं आणि मूत्राशयाच्या मधे अंथरला होता, पुन्हा वाट पडू नये म्हणून. रिकामी झालेली जागा त्यांनी रिकामी ठेवली नव्हती.

मी मात्र आणखी तीन आठवडे काही बोलले नाही. आधी जखम भरू दे म्हटलं, मग नळी निघू दे, मग ताकद येऊ दे. शेवटी एका संध्याकाळी त्या पहिल्यांदा जिना उतरून माझ्याकडे चहाला आल्या तेव्हा सांगितलं. सगळं सांगितलं: डॉक्टर काय म्हणाले, मी काय म्हणाले, आणि मधे काय गाळलं.

काकू रडल्या नाहीत. कप खाली ठेवला. बराच वेळानं म्हणाल्या, “मी दवाखान्यात हुते तवा पुतनीचा फोन आलता विट्यावरनं. छत्तीस वर्साची हाय. तिला बी काढाय सांगितली हुती. मला इचारत हुती, काकी, काढू का? मी म्हनलं, काढून टाक की. मला काय झालं काढून?”

पुतणीचं ऑपरेशन आठ दिवसांपूर्वी झालं होतं.

ते गरजेचं होतं की नाही, हे सांगणारी मी कोण? असेलही. पण डॉक्टरला विचारता येईल असा एक प्रश्न तिच्यापर्यंत जाण्याच्या वाटेवर होता आणि तो माझ्यापाशी अडला. वाक्याचा उपयोग नाही असं ठरवताना मी फक्त काकूंचं ऑपरेशन डोळ्यांपुढे ठेवलं होतं. काकूंना कुणी विचारणारं असेल, त्यांच्या ‘मला काय झालं?’वर कुणी आपलं शरीर सोपवेल, हे माझ्या मनातच आलं नाही. सल्ला घेणाऱ्या बाईच्या रूपात मी त्यांना पाहिलं होतं, सल्ला देणाऱ्या नाही.

“तवा बी कुनी न्हाई सांगितलं,” काकू म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. मग म्हणाल्या, “आता लिवून दे. डाक्टर म्हनलं तसंच.”

मी कागद घेतला आणि लिहिलं. ती असती तर कदाचित हे झालं नसतं. काकूंनी बोट ठेवून अक्षरं लावली. एका शब्दाशी थांबल्या.

“कदाचित म्हंजी?”

“म्हणजे नक्की नाही. झालं असतंही.”

“हां.” त्यांनी मान हलवली. “ते बी राहू दे.”

कागदाची घडी त्यांनी फायलीत, डिस्चार्जच्या कागदांच्या वर ठेवली. मग माझा फोन मागितला आणि विट्याचा नंबर लावून द्यायला सांगितलं.